किंवा धारकास

माणूस काय जमवील याचा नेम नाही. पोस्टाची तिकिटे आणि जुनी नाणी हे झाले राजमान्य छंद. पण काड्यापेट्यांवरची चित्रे, बसची तिकिटे, दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि स्वतःच्या तक्रारी जमवणारी माणसेही मी पाहिली आहेत. यांतल्या कोणालाही कोणी अडवून विचारत नाही, की बाबा, हे जमवण्याचा तुला अधिकार काय? काड्यापेटीच्या चित्रासाठी कोणी रक्त सांडलेले नसते. पण माझे एक स्नेही असे काही जमवतात, की त्यांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. ते पलटणींचे जुने बिल्ले जमवतात.

'बिल्ला' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टेशनवरचा हमाल येतो, नाहीतर साहेबाच्या दाराबाहेरचा पट्टेवाला. मी म्हणतो ते बिल्ले सैनिकाच्या टोपीवर, पगडीवर किंवा खांद्यावर असतात. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा पितळेचा किंवा पांढऱ्या धातूचा तुकडा. त्यावर वाघ, हत्ती, बिगूल, मुकुट, कवटी यांपैकी काहीतरी. कवटी मी थट्टेने म्हणत नाही. १७५९ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि पुढे १७ वे लान्सर्स म्हणून गाजलेल्या इंग्रजी घोडदळाने चिन्ह म्हणून कवटी आणि दोन हाडेच पसंत केली, आणि खाली शब्द घातले, 'किंवा कीर्ती'. म्हणजे एक तर हे, वर दाखवलेले, किंवा कीर्ती. आमच्या बँकेच्या चेकवर 'किंवा धारकास' असे छापलेले असते, ते त्या मानाने पुष्कळच सौम्य म्हणायचे.

घोड्याचे दात पाहून वय सांगणारे असतात, तसे आमचे स्नेही मुकुट पाहून बिल्ल्याचे वय सांगतात. विसाव्या शतकातल्या इंग्रज राजांच्या वेळचा मुकुट खांद्यात गोल असतो. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर तो मध्ये खोलगट झाला, आणि २०२२ मध्ये चार्ल्स राजाने तो पुन्हा गोल केला. आपल्याकडे काम त्याहून सोपे. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या पलटणींच्या बिल्ल्यांवरचा मुकुट गेला आणि सारनाथचे सिंह आले. मुकुटवाला बिल्ला दिसला की ते डोळे मिटून 'पन्नासच्या आधीचा' म्हणतात. डोळे मिटून म्हणजे शब्दशः. बोटाने चाचपून.

या गृहस्थांचा सैन्याशी संबंध किती, तर कॉलेजात दोन वर्षे एन. सी. सी. त होते. तेही परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी. आता त्यांच्याकडे चारशेच्या वर बिल्ले आहेत. मखमलीवर ओळीने लावलेले, खाली बारीक अक्षरात चिठ्ठ्या. आल्यागेल्याला ते हौसेने दाखवतात. एकदा त्यांच्या सोसायटीतले एक निवृत्त सुभेदार पाहायला आले. त्यांनी सगळे बिल्ले पाहिले, चहा घेतला आणि आपल्या पलटणीच्या बिल्ल्यावर बोट ठेवून अगदी शांतपणे विचारले, "हा मिळवायला मला बेळगावच्या मैदानावर नऊ महिने धावावं लागलं. तुम्हाला किती रुपये पडले?"

स्नेही काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे नव्हतेच. पण हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मिळवलेली वस्तू आणि विकत घेतलेली वस्तू दिसायला एकच असेल, तर फरक नेमका कुठे राहतो? आणि जी वस्तू मुळातच विकण्यासारखी नाही, तिचा विकत घेणारा कोण होतो? मालक? चोर? की तिसराच कोणी?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. सैनिक नसताना सैनिकाचा वेश घातला किंवा त्याची खूण बाळगली, आणि लोकांनी आपल्याला सैनिक समजावे असा हेतू असला, तर तो गुन्हा. जुन्या दंडविधानात हे १४० वे कलम होते, आता भारतीय न्याय संहितेत १६८ वे आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. पण सारा भार 'हेतू'वर. आमच्या स्नेह्यांची पोटाची घडण पाहता लोक त्यांना सैनिक समजतील असा हेतू त्यांनी बाळगला, तरी तो सिद्धीस जाणे कठीण. तेव्हा कायद्याने ते सुटले. पण सुभेदारांनी प्रश्न कायद्याचा विचारलाच नव्हता.

स्नेह्यांचे स्वतःचे म्हणणे असे, की "मी पितळ घेत नाही हो, मी गोष्ट घेतो." यात बरेच तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. इंग्रजांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंट घ्या. ही पलटण टोपीवर पुढे एक बिल्ला लावी आणि मागेही एक छोटा. मला वाटले, पाठीमागून येणाऱ्यालाही कळावे म्हणून असेल, दुकानाला दोन्ही रस्त्यांवर पाट्या असतात तसे. पण नाही. २१ मार्च १८०१ रोजी अलेक्झांड्रियाला त्यांच्यावर पुढून आणि मागून एकदम हल्ला झाला. मागच्या रांगेला हुकूम मिळाला, तोंड फिरवा. पाठीला पाठ लावून दोन्ही रांगा लढल्या. मागचा बिल्ला त्या फिरवलेल्या तोंडाची आठवण. ही पलटण १९९४ मध्ये दुसऱ्या एका पलटणीत मिसळली गेली, आणि ती २००७ मध्ये तिसरीत. बँकांची विलीनीकरणे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. पाटी बदलते, पासबुक बदलते, आणि खातेदाराला रोज नव्याने सांगावे लागते की आपण तेच.

दुसरा एक बिल्ला त्यांनी दाखवला तेव्हा मी जरा चमकलो. ज्वाळा निघणारा तोफगोळा, त्यावर वाघ आणि हत्ती. पलटण कुठली, तर रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स. डब्लिनला हत्ती कुठून आला? तो आपल्याकडून गेला. कंपनी सरकारच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या ज्या गोऱ्या पलटणी होत्या, त्या पुढे राणीच्या सैन्यात गेल्या आणि १८८१ मध्ये दोन्ही मिळून डब्लिनच्या नावाची एक पलटण झाली. २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरताना आयर्लंडची पोरे हा वाघ आणि हत्ती टोपीवर घेऊन पडली. मग आयर्लंड स्वतंत्र झाले, आणि १९२२ च्या जुलैअखेरीस पलटणच बरखास्त झाली. निशाणे आधीच जूनमध्ये विंडसरच्या किल्ल्यात राजाच्या हवाली झाली होती. जिवंत राहिलेले शिपाई घरी आले, ते अशा देशात, की ज्याला आता त्यांची आठवण नको होती. ज्या राजाच्या सैन्यात त्यांनी चाकरी केली, त्याच्याशीच तो देश नुकता लढला होता. तो बिल्ला मग कोणाचा? राजाचा नाही, देशाचा नाही, पलटण तर उरलीच नाही.

आणि आपल्या घरातलेच उदाहरण. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा हा स्तंभ. त्यावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक'ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. असे असूनही १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. अर्ज गेले, विनंत्या गेल्या, खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. शेवटी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि स्तंभ तिच्या बिल्ल्यावर आला. पुढे त्या जागी खंजीर आला, पण स्तंभवाला बिल्ला हातात घेतला की स्नेही त्याला बिल्ला म्हणत नाहीत. ते म्हणतात, "ही पावती आहे. थकबाकीची." जमा-खर्चातले शब्द त्यांनी माझ्याकडून उचलले आहेत, पण इथे वापर बरोबर केला आहे.

तेव्हा गोष्ट घेतो म्हणणे खोटे नाही. पण मग गोष्ट पुस्तकातही मिळते. पितळ कशाला हवे? इथे या छंदातली सगळ्यांत मजेशीर भानगड सुरू होते, ती म्हणजे अस्सल आणि नक्कल. या धंद्यात नकली माल पुष्कळ आहे. कधी कधी साचा जुनाच, मूळ कारखान्याचा असतो, पितळ उत्तम असते, आणि नवा ठोकलेला बिल्ला जुन्यापेक्षा रेखीव निघतो. उणे एवढेच, की तो कोणी घातलेला नसतो. जाणकार म्हणून बिल्ला पुढून पाहायच्या आधी पाठीमागून पाहतात. टोपीत खोचायची पट्टी घासली आहे का, कडी कितीदा वाकवली आहे. पहिल्या महायुद्धात काटकसर म्हणून दोन धातूंचे बिल्ले नुसत्या पितळेत काढले, दुसऱ्या महायुद्धात तर इंग्लंडने प्लॅस्टिकचे काढले. त्या वेळी शिपायांनी या बिल्ल्यांकडे पाहून नाके मुरडली असतील. आज तेच मखमलीवर बसतात.

पॉलिशचेही तसेच. बिल्ला चकचकीत नसला तर शिपायाला शिक्षा होते. म्हणून तो रोज ब्रासो लावून घासतो. घासून घासून वाघाच्या मिशा जातात, राजाच्या मुकुटाचे मणी जातात. उलट, जमवणाऱ्याने बिल्ला घासला तर त्याच्या बिरादरीत त्याला शिक्षा होते. एका दिवाळीत वहिनींनी समयांबरोबर अकरा बिल्लेही चिंच लावून लख्ख केले होते. स्नेही दोन दिवस जेवले नाहीत. वहिनींना अजून समजलेले नाही, की पितळ स्वच्छ करण्यात त्यांचे चुकले काय. मलाही पहिल्यांदा समजले नव्हते. मग ध्यानात आले, की वाघाची पुसट झालेली मिशी हीच त्या शिपायाची सही आहे. शेकडो सकाळी कोणीतरी अंगठ्याने हे पितळ घासले. पुस्तकात तो अंगठा येत नाही.

आता मी माझ्या धंद्यावर येतो. आम्ही वाणिज्य शाखेची मुले. कालिदास आमच्या वाट्याला आला नाही, १८८१ चा परक्राम्य पत्रांचा कायदा आला. त्यातले १३० वे कलम मला अजून पाठ आहे. चेकवर दोन रेघा मारून 'नॉट निगोशिएबल' असे लिहिले असेल, तर तो हस्तांतरित होऊ शकतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. देणाऱ्याचा हक्क फाटका असेल तर घेणाऱ्याचाही फाटकाच. माझ्या मते सगळ्या मानाच्या वस्तूंवर या दोन रेघा मारलेल्या असतात. दिसत नाहीत एवढेच. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकावर निदान कडेला शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असे. ते 'अकाउंट पेयी'. बिल्ल्यावर मात्र फक्त पलटणीचे नाव. तो बेअरर. ज्याच्या हातात त्याचा, असे वाटते. पण रेघा आहेतच. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याचा त्याच्यावर पितळेच्या वजनाएवढाच हक्क होता, तर आमच्या स्नेह्यांनी कितीही नोटा मोजल्या तरी त्यांना हक्क मिळाला तो वजनाएवढाच. मान हस्तांतरित झालाच नाही. तो अजून त्या शिपायाच्या खात्यावर आहे. खातेदार वारला म्हणून शिल्लक काउंटरवरच्या कारकुनाची होत नाही, हे मी तरी शपथेवर सांगू शकतो.

हा सिद्धान्त मी स्नेह्यांना मोठ्या ऐटीत ऐकवला. त्यांनी ऐकून घेतला आणि मला एक हकिकत सांगितली.

काही वर्षांपूर्वी त्यांना सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निरोप आला, की एका घरात जुना बिल्ला आहे आणि नातवाला तो विकायचा आहे. हे गेले. घरात नव्वदीच्या आसपासची आजी. बिल्ला ट्रंकेत असेल, असा यांचा अंदाज. तो निघाला देवघरात. कुलदैवतांच्या आणि पूर्वजांच्या टाकांच्या ओळीत, हळदीकुंकू वाहिलेला. खांद्यावर लावायचा पितळी बिल्ला. ११७ हा आकडा आणि खाली इंग्रजीत मराठा पलटणीचे नाव. पाठीमागची एक कडी तुटलेली, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. स्नेही वीस वर्षे या आकड्याच्या शोधात होते. ११७ वी मराठा पलटण म्हणजे मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. रसद आली नाही, घोडी मारून खायची वेळ आली, आणि शेवटी सगळी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेत किती तरी मेले. पलटणीला पुढे १९२१ मध्ये 'रॉयल' ही पदवी मिळाली.

आजी म्हणाली, "सासरं बस्र्याला गेलतं. माघारी आलं, पर ताटात कुनी भाकरी टाकली की लई वरडायचं. चतकोर बी टाकू द्यायचं न्हाईत."

स्नेह्यांनी नातवाला बाजूला घेऊन सांगितले, की हा विकू नकोस. कुतची गोष्ट सांगितली, पणजोबा काय दिव्यातून गेले ते सांगितले. नातवाने लक्ष देऊन ऐकले आणि किंमत दुप्पट केली. यांनी हात जोडले, आजीच्या पाया पडले आणि एस. टी. पकडली. वीस वर्षांची रिकामी जागा रिकामीच राहिली. "देवघरातला कसा उचलायचा हो?" ते मला म्हणाले. मी म्हटले, "उत्तम केलंत." यापुढे गोष्ट नसती तर ती शाळेच्या पुस्तकात घालता आली असती.

पण पुढे आहे. दीड वर्षाने एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि सायकलच्या घंट्या यांच्या ढिगात, त्यांना ११७ दिसला. पाठीमागे तीच तांब्याची तार. पुढून ॲसिडने धुऊन लखलखीत केलेला; फक्त कडीच्या बुडाशी कुंकवाचा ठिपका राहिला होता. "इंग्रज टायमाचा आहे साहेब," विक्रेता म्हणाला. त्याला तेवढेच माहीत होते. म्हणजे यांनी सोडला म्हणून बिल्ला देवघरात राहिला असे नव्हे. तो गेलाच, फक्त बस्रा, भाकरी आणि आजी यांच्याशिवाय गेला. त्यांनी तो घेतला. मग तो घेऊन पुन्हा त्या खेड्यात गेले. घराला कुलूप होते. आजी वारली होती, नातू कामाला कुठेसा गेला होता, आणि त्याचा पत्ता शेजाऱ्यांना माहीत नव्हता, किंवा सांगायचा नव्हता.

"आता सांगा," ते मला म्हणाले, "तुमचं १३० वं कलम काय म्हणतं?"

हकिकत ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. १३० वे कलम हक्क किती ते सांगते. हक्क नसताना वस्तू हातात आली तर करायचे काय, ते सांगत नाही. त्यासाठी दुसरा कायदा काढावा लागतो, १८७२ चा कराराचा. त्यात ठेवीचे प्रकरण आहे. दुसऱ्याची वस्तू ज्याच्याकडे आहे, त्याने ती तितकीच जपली पाहिजे, जितकी सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःची वस्तू जपतो. कलम १५१. मालक सापडत नाही म्हणून ही जबाबदारी संपत नाही. उलट जास्तच अवघड होते, कारण मागायला कोणी येणार नसते. आणि बिल्ल्याच्या बाबतीत जपणे म्हणजे मखमल नव्हे. पितळ मखमलीशिवायही टिकते. टिकत नाही ती चतकोर भाकरी. ती लिहून ठेवली नाही, तर ११७ हा नुसता आकडा, आणि आकडे आमच्या बँकेत पुष्कळ आहेत.

म्हणून सुभेदारांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते असे. बिल्ला जमवणारा मानाचा मालक होत नाही, व्हायचा प्रयत्न केला तर हास्यास्पद होतो. तो चोरही नव्हे. तो ठेव सांभाळणारा. त्याला रुपये किती पडले हे महत्त्वाचे नाही. तो बिल्ल्याबद्दल किती सांगू शकतो, तेवढाच त्याचा हक्क. ज्याला काहीच सांगता येत नाही, त्याच्याकडे चारशे बिल्ले असले तरी ते भंगारच.

स्नेह्यांच्या वहीत 'मालक' असा एक रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत त्यांचेच नाव होते. ११७ च्या ओळीत त्यांनी तो रकाना कोरा सोडला आणि शेऱ्यात आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिले, 'न्हाईत'सकट. हळूहळू बाकीच्या ओळींतलेही नाव ते खोडत आहेत. परवा मला विचारत होते, की याला नॉमिनेशन करता येईल का? मुलगा किलोच्या भावाने देईल अशी त्यांना भीती आहे. मी काउंटरवर दिवसातून दहादा सांगतो तेच त्यांना सांगितले, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पुढच्यासाठी ताब्यात घेणारा. ते म्हणाले, "मग झालं तर, मला तसलाच माणूस हवा." आणि माझ्यादेखत त्यांनी माझे नाव लिहिले. चारशे बिल्ले आणि चारशे चिठ्ठ्या. आमच्या दोन खोल्यांत ते ठेवायचे कुठे, हे घरी अजून विचारलेले नाही. सध्या मी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली आहे.